विरळ हवेत मंदावणारे अवधान
उंच प्रदेशात जाणाऱ्या व तेथे राहणाऱ्या चेन्नईकर कुटुंबांसाठी माहिती

चेन्नई शहर समुद्रसपाटीपासून अवघे काही मीटर उंच आहे. विमानतळाजवळची सेंट थॉमस माउंट ही टेकडी शहरात उंच समजली जाते. तीही सुमारे नव्वद मीटरच भरते. याच टेकडीजवळ १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन यांनी आपल्या सर्वेक्षणाची पायारेषा मोजण्यास प्रारंभ केला. त्यातून वाढत गेलेल्या महासर्वेक्षणाने पुढे हिमालयाच्या शिखरांची उंची निश्चित केली. मात्र ज्या शहरातून हे मोजमाप सुरू झाले, तेथील रहिवाशाच्या शरीराला उंचीचा काहीच सराव नसतो.

आज ही उणीव पूर्वीपेक्षा अधिक जाणवू लागली आहे. सैन्यातील नेमणूक, सीमावर्ती रस्त्यांची कामे, संशोधन, शिक्षण किंवा निव्वळ सहल अशा कारणांनी चेन्नईतील अनेक कुटुंबांतील कोणी ना कोणी लडाखमध्ये जातो. प्रवासी येथून दिल्लीस जातो, रात्र तेथे काढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह शहरात पोहोचतो. दिल्लीतील मुक्कामामुळे शरीर सरावते, असा काहींचा समज आहे. दिल्लीची उंची सुमारे २०० मीटर असल्याने त्या मुक्कामाचा या बाबतीत काही उपयोग होत नाही.

उंचीवर डोके दुखते, धाप लागते, भूक मंदावते, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. त्याच सुमारास लक्ष विचलित होऊ लागते आणि हातापायांची प्रतिक्रिया मंदावते, याची माहिती मात्र फारच थोड्यांना असते. डोकेदुखी स्वतःला कळते. मंदावलेले अवधान स्वतःला कळत नाही. म्हणून या पत्रकात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

हवेत नेमके काय कमी होते?

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण चेन्नईत सुमारे २१ टक्के असते आणि लेहमध्येही तितकेच असते. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकिनारी हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. लेहमध्ये तो त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो आणि ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग खिंडीत जेमतेम निम्मा. दाब उतरला की प्रत्येक श्वासातून फुफ्फुसांत जाणारा ऑक्सिजनही त्याच मानाने घटतो. घाट चढताना सामानातील वेफर्सचे बंद पाकीट टम्म फुगते, ते बाहेरचा दाब उतरल्यामुळेच.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे एक-पंचमांश ऑक्सिजन तो एकटाच वापरतो. ऑक्सिजनचा साठा करून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नाही. पेशींमधील संदेशवहनासाठी लागणारी डोपामिन व सेरोटोनिन ही रसायने घडवण्याच्या क्रियेतही ऑक्सिजन खर्च होतो. त्यामुळे पुरवठा थोडा घटला तरी मेंदूची अधिक श्रमाची कामे आधी मंदावतात. अनेक गोष्टींतून एक निवडणे, दोन गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष ठेवणे, अनपेक्षित प्रसंगी क्षणात निर्णय घेणे, ही ती कामे होत. अंगवळणी पडलेली कामे बराच काळ सुरळीत चालतात. चहा करता येतो, नेहमीच्या गप्पा मारता येतात, आणि म्हणूनच आपल्यात काही बदल झाला आहे असे वाटत नाही.

सर्वांत आधी परिणाम होतो तो रात्रीच्या दृष्टीवर. अंधुक प्रकाशात पाहण्यास उपयोगी पडणाऱ्या दृष्टिपटलातील पेशींना ऑक्सिजन फार लागतो. सुमारे १,५०० मीटर उंचीपासूनच अंधारातील दृष्टी किंचित मंदावू लागते, ही गोष्ट वैमानिकांना प्रशिक्षणातच शिकवली जाते.

याला झोपेचीही जोड मिळते. उंचीवर पहिल्या काही रात्री झोपेत श्वासाची लय बिघडते. काही श्वास जोरात होतात, मग श्वास काही सेकंद थांबल्यासारखा होतो आणि पुन्हा सुरू होतो. शेजारी झोपलेल्या व्यक्तीला हे पाहून भीती वाटते. नव्याने उंचीवर गेलेल्या निरोगी माणसातही असे घडते व एरवी ते घातक नसते. परंतु झोप वारंवार मोडते आणि सकाळी मन जडच असते. सकाळचा तो जडपणा ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडून दिला जातो.

स्वतःला का कळत नाही?

१५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून गास्तों तिसांदिए, जोसेफ क्रोचे-स्पिनेली आणि थिओडोर सिव्हेल हे तीन फ्रेंच संशोधक आकाशात गेले. विरळ हवेचा धोका त्यांना माहीत होता आणि ऑक्सिजनयुक्त हवेच्या पिशव्याही त्यांनी सोबत घेतल्या होत्या. फुगा ८,००० मीटरांच्या वर गेला. खाली उतरला तेव्हा तिघांपैकी केवळ तिसांदिए जिवंत होते. ऑक्सिजनची नळी हाती घ्यावी असे मनात येऊनही हात उचलला गेला नाही, आणि त्या वेळी भीती वाटण्याऐवजी एक प्रकारचा आनंदच वाटत होता, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले.

इतक्या उंचीवर सामान्य प्रवासी जात नाही, हे खरे. परंतु स्वतःची परीक्षा करणारे इंद्रियच आधी दुर्बळ होते, हे तत्त्व ३,५०० मीटरांवरही लागू पडते. तेथे परिणाम सौम्य असतो, इतकाच फरक. ‘मला तर काहीच होत नाही’ हे उंचीवरील माणसाचे वाक्य म्हणूनच पुरावा मानू नये. विशेषतः जो एरवी शांत असतो तो अकारण विनोद करू लागला, किंवा जो बोलका आहे तो गप्प बसू लागला, तर सोबत्याचे निरीक्षण अधिक विश्वसनीय समजावे.

घरच्या घरी करता येणारी चाचणी

प्रतिक्रियेचा वेग पाहण्यास यंत्राची गरज नाही. मुलांच्या दप्तरातील तीस सेंटिमीटरची पट्टी पुरेशी आहे. एकाने पट्टी वरच्या टोकाशी उभी धरावी. दुसऱ्याने आपला अंगठा व तर्जनी पट्टीच्या शून्याच्या खुणेशी, तिला स्पर्श न करता, उघडी ठेवावी. पहिल्याने कोणतीही सूचना न देता पट्टी सोडावी आणि दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. पट्टी जितकी घसरली तितका प्रतिक्रियेस लागलेला वेळ अधिक. १५ सेंटिमीटरांवर पकडल्यास सुमारे ०.१७ सेकंद, २० सेंटिमीटरांवर ०.२० सेकंद, २५ सेंटिमीटरांवर ०.२३ सेकंद आणि पूर्ण ३० सेंटिमीटर घसरल्यास सुमारे ०.२५ सेकंद.

प्रवासास निघण्यापूर्वी चेन्नईत तीन-चार वेगवेगळ्या दिवशी प्रत्येकी दहा वेळा ही चाचणी करून सरासरी वहीत लिहून ठेवावी. उंचीवर पोहोचल्यावर रोज सकाळी त्याच हाताने ती पुन्हा करावी आणि तुलना केवळ स्वतःच्याच नोंदीशी करावी. एक-दोन सेंटिमीटरांचा फरक रोजच पडतो; त्यास महत्त्व नाही. पट्टी वारंवार हातातून निसटून जाऊ लागली, तर तो दिवस विश्रांतीचा समजावा.

मात्र ही पट्टी वाहन चालवण्याचा परवाना देत नाही. पट्टी पकडणे ही साधी प्रतिक्रिया आहे. उंचीवर अधिक बिघडते ती निवडीची प्रतिक्रिया. समोरून ट्रक आला, डावीकडे दरी आहे, मागून मोटारसायकल येत आहे, अशा वेळी काय करावे हे ठरवण्यास लागणारा वेळ पट्टीवर दिसत नाही.

वाहन चालवणे

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे सरकते. निर्णयास सेकंदाचा पाचवा हिस्सा अधिक लागला, तर ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच वाहन दोन मीटरांहून अधिक पुढे गेलेले असते. चेन्नईच्या रुंद रस्त्यावर हे दोन मीटर कदाचित निभावून जातील. खिंडीतील एकेरी, बर्फाने निसरड्या रस्त्यावर तेवढी जागाच नसते.

विमानाने लेहला पोहोचल्यानंतर पहिले ४८ तास विश्रांती घ्यावी, असा सल्ला तेथे येणाऱ्या प्रत्येकाला दिला जातो. या काळात मोटार किंवा मोटारसायकल मुळीच चालवू नये. त्यानंतरही खिंडी ओलांडताना स्थानिक चालक घेणे अधिक सुरक्षित. तो त्या हवेत वाढलेला असतो आणि त्याला ते वळण शेकडो वेळा घेऊन अंगवळणी पडलेले असते. रात्रीचा प्रवास टाळावा. मनालीहून रस्त्याने येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण त्या मार्गावर ४,८०० ते ५,३०० मीटरांदरम्यानच्या अनेक खिंडी आहेत आणि थकलेला चालक नेमका तेथेच असतो.

भारतीय सैन्य आपल्या तरुण, सुदृढ जवानांनाही घाई करू देत नाही. ९,००० ते १२,००० फुटांच्या पहिल्या टप्प्यात सहा दिवस दिले जातात. त्यांपैकी पहिले दोन दिवस केवळ विश्रांती, पुढे मंद चाल आणि अखेरीस थोडी चढण. १५,००० फुटांपर्यंत आणखी चार दिवस, त्याहून वर पुन्हा चार दिवस. मद्रास रेजिमेंटचे केंद्र निलगिरीतील वेलिंग्टन येथे आहे. तेथे प्रशिक्षण घेतलेल्या जवानालाही या वेळापत्रकातून सूट नाही. पाच दिवसांत संपूर्ण लडाख पाहण्याचा बेत आखणाऱ्या कुटुंबाने हे आकडे एकदा आपल्या कार्यक्रमाशेजारी मांडून पाहावेत.

उटकमंड किंवा कोडाइकॅनल येथे जाणाऱ्यांनी मात्र या पत्रकामुळे चिंतित होऊ नये. ही गावे २,१०० ते २,२५० मीटर उंचीवर आहेत. निरोगी व्यक्तीच्या अवधानावर तेथे जाणवण्याजोगा परिणाम सहसा होत नाही. विमानातील हवेचा दाबही साधारण २,४०० मीटर उंचीइतका असू शकतो. कल्हट्टी घाटातील छत्तीस वळणांवर अपघात होतात, पण त्यांचा दोष विरळ हवेला देऊन चालणार नाही. तेथे उतारावर ब्रेक तापू न देणे अधिक महत्त्वाचे.

ज्यांनी अधिक जपावे

रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हवेत ऑक्सिजन कमी आणि तो वाहणारे रक्तही कमी, असा दुहेरी तुटवडा अशा स्त्रीला सोसावा लागतो. म्हणून प्रवासापूर्वी किमान दोन महिने आधी हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय आढळल्यास उपचाराला तेवढा अवधी लागतो. हृदयविकार, फुफ्फुसांचे जुनाट विकार, अपस्मार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय जाऊ नये.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तातील काही हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने आधीच अडवलेले असते. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत बुखारी, कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा हीटर लावून झोपल्यासही तेच घडते, आणि कितीतरी अधिक प्रमाणात. या वायूला वास नाही. त्याची लक्षणे, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, सुस्ती, उंचीच्या त्रासासारखीच असल्याने धोका ओळखू येत नाही. झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर काढावी व खिडकीची फट उघडी ठेवावी. खोलीतील सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर उंचीला दोष देण्याआधी सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे.

मद्य आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत पूर्णपणे टाळाव्यात. सर्दी-खोकल्याच्या ज्या औषधांनी गुंगी येते तीही. कॉफीविषयी अनेकजण विचारतात. रोज सकाळ-संध्याकाळ फिल्टर कॉफी पिणाऱ्या माणसाने उंचीवर ती अचानक सोडल्यास दुसऱ्या दिवशी डोके दुखू लागते आणि ते उंचीमुळे दुखते की कॉफीविना, हे कळेनासे होते. नेहमीची सवय माफक प्रमाणात चालू ठेवण्यास हरकत नाही. ॲसिटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी लवकर जुळवून घेण्यास मदत करते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असल्यास तसे आधी सांगावे. ते घेतले म्हणजे पहिल्या दिवशी वाहन चालवता येईल, असा अर्थ काढू नये.

पल्स ऑक्सिमीटर सोबत ठेवण्यास हरकत नाही. चेन्नईत ९८ दाखवणारे यंत्र लेहमध्ये पहिल्या दिवशी ९० किंवा त्याखालीही दाखवते आणि घरी फोन जातो. थंड पडलेल्या बोटावर तर ते आणखी कमी दाखवते. बोट चोळून ऊबदार करावे, थोडा वेळ शांत बसावे व मग पाहावे. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहणे अधिक उपयुक्त.

महिनोन्‌महिने तेथे राहणाऱ्यांचे काय?

सहल आठवड्यात संपते. ज्यांचा मुलगा, पती किंवा मुलगी दोन वर्षांसाठी तेथे गेली आहे, त्यांचा प्रश्न निराळा असतो. श्वसनाचा वेग काही तासांतच वाढतो, मूत्रपिंडे काही दिवसांत रक्तातील आम्ल-अल्कलीचा समतोल साधतात आणि तांबड्या पेशी काही आठवड्यांत वाढतात. डोकेदुखी बहुधा पहिल्या काही दिवसांतच जाते. अवधान व हाताचा वेग मात्र इतक्या लवकर पूर्वपदावर येत नाहीत. १९७०च्या दशकात भारतीय जवानांची सुमारे ४,००० मीटर उंचीवर दोन वर्षे वेळोवेळी चाचणी घेण्यात आली. डोळा व हात यांच्या समन्वयाचा वेग आणि अचूकपणा पहिल्या सुमारे दहा महिन्यांत घटलेला आढळला. त्यानंतर तो हळूहळू सुधारत गेला. म्हणजे ‘आता महिना झाला, सवय झाली’ हे वाक्य डोक्यापुरते खरे असेल, हातापुरते असेलच असे नाही.

जन्मापासून उंचीवर राहणाऱ्यांविषयीही येथे सांगणे आवश्यक आहे, कारण यातून गैरसमज पसरतात. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियात निरनिराळ्या उंचीवर वाढलेल्या लोकांची तुलना केली असता उंचावरच्या रहिवाशांचा कामाचा वेग किंचित कमी आढळला. वेग किंचित कमी असणे म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. तिबेटी लोकांत तर विरळ हवेस अनुकूल असे आनुवंशिक बदल पिढ्यान्‌पिढ्या रुजले आहेत. चेन्नईहून गेलेल्या पाहुण्याने त्यांच्याशी स्वतःची तुलना करून धाडस करू नये.

जेथे काम थांबवता येत नाही, तेथे हवेवरच उपाय करता येतो. चिलीमधील ५,००० मीटर उंचीच्या दुर्बिणीच्या केंद्रात खोल्यांमधील ऑक्सिजन वाढवलेला असतो. खोलीतील ऑक्सिजन एका टक्क्याने वाढवला, तर उंची जणू ३०० मीटरांनी कमी होते. माणूसच खाली ठेवणे हा दुसरा मार्ग. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिचे निरीक्षक बंगळूरूजवळील होसकोटे येथे बसून उपग्रहाच्या साहाय्याने ती चालवतात. या संस्थेचे मूळ चेन्नईच्या नुंगंबाक्कममधील जुन्या मद्रास वेधशाळेत आहे.

सर्वांना अशी सोय मिळत नाही. उंचीवर काम करणाऱ्याने नवे यंत्र, नवा रस्ता, विजेचे काम अशा गोष्टी दिवसाच्या पूर्वार्धात व जोडीदारासोबत कराव्यात, महत्त्वाचे आकडे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत, आणि शक्य असल्यास झोपण्याचे ठिकाण कामाच्या ठिकाणाहून खाली ठेवावे.

घरून फोनवर काय ऐकावे?

चेन्नईत बसलेल्या आईला किंवा पत्नीला लेहमधील माणसाचा चेहरा दिसला नाही तरी त्याचे बोलणे ऐकू येते, आणि ते मोलाचे असते. तीच गोष्ट तो पुन्हा सांगतो का? उत्तर देण्यास नेहमीपेक्षा वेळ लावतो का? शब्द अडखळतात का? शंका आल्यास त्याला शंभरातून सात-सात वजा करत खाली येण्यास सांगावे. एरवी जमणारी वजाबाकी पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर त्याच्याशी वाद न घालता सोबत्याला फोनवर बोलवावे. सोबत्याने त्याला जमिनीवरील सरळ रेषेवर एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत चालायला लावावे. तोल जात असेल, वागण्यात गोंधळ असेल किंवा तो सारखा झोपेत जात असेल, तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता असते. बसल्या जागी धाप लागणे व फेसाळ थुंकीचा खोकला हे फुफ्फुसांत पाणी साठत असल्याचे लक्षण होय. दोन्ही अवस्थांत सकाळची वाट पाहू नये. ऑक्सिजन द्यावा, त्याला एकटे न सोडता ताबडतोब कमी उंचीवर उतरवावे व रुग्णालयात न्यावे. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे. देशभर आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

परतीच्या प्रवासानंतरही काही दिवस सावध राहणे इष्ट. दीर्घ मुक्कामानंतर खाली आलेल्या काहींना भरपूर ऑक्सिजन मिळत असूनही सुस्ती येते, लक्ष लागत नाही, दुपारी झोप अनावर होते. हे आपोआप ओसरते. सुटीवर आलेल्या जवानाने पहिल्याच संध्याकाळी ताम्बरमच्या बाजूने जीएसटी रस्त्यावर मोटारसायकल काढण्याऐवजी दोन-तीन रात्री पुरेशी झोप घ्यावी. त्रास आठवड्याहून अधिक टिकल्यास जवळच्या दवाखान्यात दाखवावे. तमिळनाडूत आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकांवर दूरध्वनी करता येतो. रजा संपवून पुन्हा वर जाताना शरीराने मिळवलेला सराव बराचसा गेलेला असतो. पहिल्या वेळेसारखेच विश्रांतीचे दिवस तेव्हाही घ्यावे लागतात आणि पट्टीची वही तेव्हाही सोबत न्यावी.